किसन काय बोलला होता

दिलीपदादा, ती कादंबरी मी वाचली नव्हती.

तुला खोटंच सांगितलं, वाचली, भारी आहे. तू विचारलंस, शेवट कसा वाटला, तर मी म्हणालो, डोकं सुन्न झालं. तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, पटलं तुला. आज कळतं, तू तेव्हाच ओळखलं असणार. आयुष्यभर खुनी कोण हे पन्नासाव्या पानाच्या आत सांगणारा माणूस तू. माझ्यासारखा कच्चा खोटारडा पकडायला तुला कितीसा वेळ लागणार?

तुला जाऊन सत्तावीस दिवस झाले. टेमघरच्या विहारात तुझी शोकसभा झाली तेव्हा मलाही दोन शब्द बोलायला लावलं. माईक हातात घेऊन मी म्हणालो, "दादानं मला दोन गोष्टी शिकवल्या, फोर्कलिफ्ट चालवायला आणि पुस्तक वाचायला." लोकांना ते आवडलं. पुढच्या रांगेत शोभावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "चांगला बोलला संजय." मी खाली उतरलो आणि चप्पल सापडत नसल्यासारखा दाराशी वाकून राहिलो. चप्पल समोरच होती. वर बघायची हिंमत नव्हती.

त्याहून वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. वहिनींचा फोन आला तेव्हा मी काल्हेरच्या गोडाऊनमध्ये सकाळच्या शिफ्टसमोर उभा होतो. आता शिफ्ट इन्चार्ज आहे ना मी, म्हणजे होतो. रोज ड्युटी सुरू व्हायच्या आधी पंधरा-वीस माणसांना उभं करून सांगायचो, रिव्हर्स घेताना हॉर्न, मागे बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्या सूचना देतानाच फोन वाजला. वहिनी म्हणाल्या, "संजय, हे गेले रे." आणि दादा, माझ्या मनात पहिला विचार काय आला? आता कुणालाच माहीत नाही. हा विचार आला. रडू त्याच्यानंतर आलं. मध्ये किती वेळ गेला मी मोजला नाही, पण मध्ये वेळ गेला हे नक्की.

आपण एकाच चाळीतले. तू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. माझे वडील गेले तेव्हा शाळेचा दाखला आणायला तू आलास, बारावीला नापास झालो तेव्हा परत फॉर्म भरायला तू बसवलंस, आणि गोडाऊनला चिकटवलंस तेही तूच. तू लायसन्सवाला फोर्कलिफ्ट ऑपरेटर. मी हातात स्कॅनर घेऊन बॉक्सवरचे बारकोड मारत फिरणारा. जेवणाच्या सुट्टीत सगळे मोबाईल बघत पडायचे आणि तू कार्टनच्या थप्पीला पाठ टेकून रहस्यकथा वाचत बसायचास. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. मध्येच मोठ्यांदा म्हणायचास, "नोकर नाही, डॉक्टर आहे. मी सांगतो ना!" आणि दुसऱ्या दिवशी येऊन, "बोललो होतो का नाही?" किती राग यायचा तुझा! मला एखादं पुस्तक द्यायचास आणि देतानाच खुनी सांगून टाकायचास. "आता वाच. खुनी माहीत असताना वाचायला खरी मजा. मग तो खोटं कसा बोलतो ते बघायचं."

त्याच सुट्टीत तू मला गाडी शिकवायचास. रिकाम्या गल्लीत, रिकामं पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी फळी, घेऊन पुढे-मागे. मी सव्वीस वर्षांचा होतो, लायसन्स नव्हतं, पण हात बसला होता. फुशारकीही होती.

तो दिवस आपण दोघं आठ वर्षांत एकदाही पूर्ण बोललो नाही. तुझ्याशी आता बोलतोय तर पूर्ण बोलतो.

दुपारची सुट्टी संपत आली होती. दोन नंबरच्या डॉकला ट्रेलर लागला होता आणि सुपरवायझर लांबूनच ओरडत होता, "अरे, गाडी खाली करो जल्दी, दूसरी बाहर खड़ी है!" तू गेटपासची सही आणायला गेला होतास. चावी फोर्कलिफ्टलाच होती. मी चढलो. तू येईपर्यंत दोन पॅलेट उतरवून दाखवतो, एवढाच विचार. पहिलं उतरवलं. दुसरं उचललं, रिव्हर्स घेतला. हॉर्न दिला नाही. मागे बघितलं नाही.

मागे किसन होता. राहनाळचा किसन, लोडर. रॅकच्या खांबाजवळ उभा राहून कार्टनवरचे नंबर बघत होता. गाडीच्या मागचं लोखंडी वजन आणि तो खांब, यांच्यामध्ये सापडला.

मग तू पळत आलास. तुझ्या हातात गेटपासचा कागद होता, तो तू तसाच धरून होतास. किसन खाली पडला होता, डोळे मिटलेले. तू त्याच्या नाकाशी हात नेलास, मग माझ्याकडे बघितलंस. "खाली उतर." मला उतरता येईना. तू दंडाला धरून मला ओढलंस. "संज्या, ऐक. तू इथं नव्हतास. तू पाणी प्यायला गेला होतास. लायसन्स नाही तुझ्याकडे, सडशील तू." आणि तू सीटवर चढून बसलास. ट्रेलरच्या पलीकडून माणसं धावत आली तेव्हा त्यांना फोर्कलिफ्टवर तू दिसलास. त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. किसन दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

मी काही बोललो नाही. कुणीच मला विचारलं नाही, हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं. पण विचारलं नाही म्हणून बोललो नाही हे खोटं आहे. मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. तू सांगितलं होतंस म्हणून खरंच ग्लास भरून पाणी प्यायलो.

तुला अटक झाली, जामीन झाला, नोकरी गेली, लायसन्स गेलं, केस तारखांवर चालू राहिली. तू कॉलेजच्या रस्त्याला झेरॉक्सचं दुकान टाकलंस. मी त्याच गोडाऊनमध्ये दोन वर्षं राहिलो, मग मोठ्या कंपनीत गेलो, लायसन्स काढलं, लग्न केलं, काल्हेरला नवीन बिल्डिंगमध्ये घर घेतलं. तू वास्तूला आलास. तिसऱ्या मजल्यावर जिने चढून दमला होतास, तेव्हाच तुझ्या किडन्या बिघडायला लागल्या असणार. खिडकीतून खाडीकडे बघत म्हणालास, "वारा मस्त येतो रे." मला तुझ्या बोलण्यात टोमणा ऐकू आला. त्यात टोमणा नव्हता. वारा खरंच मस्त येत होता.

दर महिन्याला तू राहनाळला जायचास. किसनच्या बायकोनं, सुनंदावहिनीनं, नाक्यावर नाश्त्याची गाडी लावली होती. तांदळाची भाकरी, सुकट, चहा. तू तिथं बसायचास, तिच्या दोन मुलींसाठी गोष्टींची पुस्तकं न्यायचास. मी एकदाही आलो नाही. तूच म्हणालास, येऊ नकोस, आणि मला ते पटलं. इतकं पटलं की आठ वर्षं मी नाक्यावरून गाडी नेली नाही. पाठीमागच्या रस्त्यानं जायचो, वीस मिनिटं जास्त लागायची. बायको विचारायची, इकडून का? मी म्हणायचो, ट्रॅफिक.

दोन वर्षांपूर्वी तू ती कादंबरी माझ्या हातात दिलीस. चारशे पानांची, कव्हरवर काळी विहीर. पहिल्यांदाच तू खुनी सांगितला नाहीस. "ही रहस्यकथा नाहीये संज्या. म्हणजे आहे, पण... तू वाच. मग बोलू."

मी तीस पानं वाचली. एका गावात एक मुलगी मरते आणि एक रिक्षावाला पोलिसांत जाऊन सांगतो, मी केलं. तिसाव्या पानावर कळतं की त्यानं केलेलं नाही. तो बायकोच्या धाकट्या भावाचा गुन्हा अंगावर घेतोय. मी पुस्तक मिटलं आणि फ्रिजवर ठेवून दिलं. माझी खात्री झाली की तू मला काहीतरी सुनावतोयस. सरळ बोलायची हिंमत नाही म्हणून चारशे पानं पाठवतोयस. मला तुझा राग आला. मला तुझा राग आला, दादा.

मग तो दुकानातला दिवस. तू कुणाच्या तरी मार्कशीटच्या कॉपी काढत होतास. विचारलंस, "मला एक सांग. त्यानं त्या आईला खरं सांगायला हवं होतं का नको?"

कुठली आई, कसलं खरं, मला काहीच माहीत नव्हतं. तरी मी म्हणालो, "कशाला? गेलेलं माणूस परत येतं का? उगाच खपली काढायची."

"म्हणजे तिला खोट्यावरच जगू द्यायचं?"

"जगतेय ना? झालं तर मग."

तू मशीनचं झाकण उघडलंस, कागद फिरवलास, बंद केलंस. "आणि तिला जर एकच गोष्ट हवी असेल, आणि ती एकाच माणसाकडे असेल तर?"

तेव्हा माझा तोल सुटला. "तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण ना दादा! आडून आडून कशाला? आणि चावी कुणी सोडली होती गाडीला?"

तू कागद जुळवत राहिलास. कडेला कड लावून, टेबलावर आपटून. मग म्हणालास, "चावी माझीच होती. ते मी कधी नाही म्हटलंय?"

त्यानंतर तू पुस्तकाचा विषय काढला नाहीस. मी ते परत दिलं नाही, तू मागितलं नाहीस.

शेवटच्या चार महिन्यांत आठवड्यातून दोनदा डायलिसिस. माझी सुट्टी असली की मी तुला रिक्षानं घेऊन जायचो, आणि वहिनी सगळ्यांना सांगायच्या, सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतो. त्यातला एक दिवस. तुझ्या हातात सुया होत्या, नळीतून रक्त फिरत होतं, आणि तू छताकडे बघत विचारलंस, "संज्या, किसन काय बोलला होता?"

"कधी?"

"तेव्हा. मी यायच्या आधी. तो शुद्धीवर होता ना थोडा वेळ?"

"आठवत नाही दादा."

"काहीच नाही?"

"नाही आठवत. मी कुठं भानावर होतो?"

तू डोळे मिटलेस. "आठवलं तर सांग. मला नको. पण सांग कुणाला तरी."

मला शब्दन् शब्द आठवत होता. आजही आठवतो. तुला सांगितलं असतं तर तुझा शेवट हलका झाला असता की जड, मला माहीत नाही. पण तू मागितलेली ती शेवटची गोष्ट होती आणि माझ्याकडे ती होती, आणि मी दिली नाही.

शोकसभेहून घरी आलो, हातपाय धुतले आणि फ्रिजवरून पुस्तक काढलं. तुझ्यासाठी नाही काढलं. विहारात जे बोललो ते निदान थोडं तरी खरं व्हावं म्हणून काढलं. नऊ दिवस लागले. पहिल्या शिफ्टहून आलो की जेवून गच्चीच्या जिन्यावर बसायचो. कधी दहा पानं, कधी दोन. कित्येकदा बोट पानात ठेवून नुसता बसून राहायचो. मला वाटलं होतं, पुस्तक त्या धाकट्याबद्दल असेल, लपून राहिलेल्याबद्दल. ते त्याच्याबद्दल नाहीच. तो चारशे पानांत चाळीस पानंसुद्धा येत नाही. पुस्तक आहे रिक्षावाल्याबद्दल आणि त्या मेलेल्या मुलीच्या आईबद्दल.

ती आई दर महिन्याला तुरुंगात त्याला भेटायला येते. शिव्या द्यायला नाही. तिला फक्त विचारायचं असतं, माझी पोरगी शेवटी काय बोलली? आणि त्याला सांगता येत नाही, कारण तो तिथं नव्हताच. पहिल्यांदा तो गप्प बसतो. दुसऱ्यांदा तिच्याकडे बघवत नाही म्हणून काहीतरी बनवून सांगतो, शेवटी ती 'आई' म्हणाली. ती ते घेऊन जाते. पुढच्या महिन्यात येऊन विचारते, कसं म्हणाली? मोठ्यांदा की हळू? मग तो आणखी बनवतो. वर्षं जातात. ती त्याच्या बनवलेल्या शब्दांवर जगत राहते आणि तो आतून कुजत जातो. कोर्टानं दिलेली शिक्षा त्याला जड जात नाही. हे जड जातं.

त्या पानांवर मी थांबलो, दादा. जिन्यावर बसून घसा फाटेल असा रडलो. माझी बायको प्रतिभा वर आली, तिला वाटलं तुझ्यासाठी रडतोय. तुझ्यासाठीच होतं, पण लाज जास्त होती. तू मला सुनावत नव्हतास. तू तुझं सांगत होतास. तूसुद्धा सुनंदावहिनीला काहीतरी बनवून सांगितलं होतंस, आणि ते तुला सोसवत नव्हतं. तू माझ्याकडे कबुली मागायला आला नव्हतास. दोन-चार शब्द मागायला आला होतास. आणि मी तुझ्या तोंडावर चावी फेकली.

कादंबरीच्या शेवटी तो त्या आईला सांगतो, मी तिथं नव्हतो. ती उठून जाते आणि परत येत नाही. एवढंच. धाकटा कधीच बोलत नाही. मी पुस्तक मिटलं आणि मला त्या धाकट्याची किळस आली. मग जिना उतरून खाली आलो आणि प्रतिभाला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "आधी वहिनींकडे जा."

मला वाटत होतं शोभावहिनींना माहीत असेल. तू घरात तरी सांगितलं असशील. नव्हतं सांगितलंस. मी सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. ताट त्यांनी हळूच खाली ठेवलं.

"तू होतास गाडीवर?"

"हो."

"आणि हे?"

"ते सही आणायला गेले होते."

त्यांनी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघितलं. "मी यांना काय काय बोलले रे. आठ वर्षं. तुमच्या एका चुकीनं घर बुडालं म्हणाले. पोरगी शाळेत मान खाली घालून बसते म्हणाले. डोळे होते का तुमचे तेव्हा, म्हणाले. आजारी होते तरी म्हणाले." आवाज चढला नाही त्यांचा. "एकदा तरी म्हणाले असते, शोभा, मी नव्हतो. मी बोलायची थांबले असते ना." मग म्हणाल्या, "तू जा आता." दार त्यांनी लावून घेतलं.  त्यानंतर मी दोनदा गेलो, त्यांनी उघडलं नाही. उघडावं असं मी त्यांना कुठल्या तोंडानं म्हणू? तुझी बायको तुझ्याशी चांगलं बोलू शकली असती ती आठ वर्षं मी खाल्ली.

आणि एक गोष्ट तुझ्याशी भांडायचीही आहे. माझी लाज बाजूला ठेवून विचारतो, तू असं का केलंस? त्या एका मिनिटात तू मला वाचवलंस, त्याबद्दल मी जन्मभर तुझा ऋणी आहे. पण पुढं एकदा तरी माझी कॉलर धरून राहनाळला न्यायला हवं होतंस. मी आलो असतो. नसतो आलो कदाचित. पण तू पुस्तक देत बसलास, मारलं नाहीस. मला माराची गरज होती, दादा.

राहनाळच्या नाक्यावर मी गुरुवारी गेलो, नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर. सुनंदावहिनी भांडी घासत होत्या. मी नाव सांगितलं. दिलीपदादाचा शेजारी, त्याच गोडाऊनला होतो, म्हणालो.

"दिलीपभाऊ गेले त्या कलला मना," त्या म्हणाल्या. "बस. चाय घेशील?"

मी नको म्हणालो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. गाडी मी चालवत होतो. दादा नव्हता.

त्यांचे हात थांबले नाहीत. पातेलं घासून झालं, विसळलं, पालथं घातलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "त्यो नव्हता त्या मना ठाऊक होता."

"कसं?" मी विचारलं.

"मी त्याला इचारला होता, किसन काय बोलला? तर बोलला, वहिनी, तुमचा नाव घेऊन गेला. सुनंदा, सुनंदा बोलत गेला." त्या किंचित हसल्या. "लगीन झाल्यापासून त्यानी माजा नाव कवा घेतला न्हाय. 'अगो' बोलायचा. तवाच मना समजला, ह्यो माणूस तिथं नव्हता."

"मग तुम्ही त्याला बोलला का नाही?"

"काय बोलू? दर महिन्याला यायचा. पोरींना पुस्तका आणायचा. तोंड बघवायचा न्हाय त्याचा." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू होतास ना तिथं? मंग तू सांग. काय बोलला तो?"

दादा, हे मी तुला सांगितलं नाही, ते आता ऐक. गाडी थांबली तेव्हा किसन शुद्धीवर होता. खांबाला टेकलेला, तोंड माझ्याकडे. मी मान वळवून त्याच्याकडे बघत होतो आणि माझे हातपाय गेले होते. मला लिव्हर पुढं टाकायचा होता, बास, एवढंच करायचं होतं. जमत नव्हतं. आणि किसन म्हणाला, "घाबरू नको रे." मग म्हणाला, "पुढं घे. हलू. हलू घे." मला समजावत होता तो. मी त्याला चिरडलं होतं आणि तो मला धीर देत होता, आणि मी नुसता बसून होतो. गाडी पुढं घेतली तेव्हा तो खाली घसरला. त्यानंतर काही बोलला नाही.

हे मी कुणाला सांगणार होतो? मी गाडी चालवली हे एक वेळ सांगता आलं असतं. मी बसून राहिलो हे कसं सांगायचं?

सुनंदावहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग ओठातल्या ओठात म्हणाल्या, "हलू. हलू घे." दोन-तीनदा म्हणाल्या. "असाच बोलायचा. बैल चिखलात बसला का बाकीची लोका मारायची. ह्यो पाठीवर हात ठेवायचा, आन् बोलायचा, घाबरू नको, हलू." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. "मंजे शेवटपरेंत तोच होता."

मग विचारलं, "किती येल लावलास पुढं घ्यायला?"

"माहीत नाही वहिनी. मला फार वाटला."

"येलेवर घेतली असती तर?"

"माहीत नाही."

मी हात जोडले. त्यांनी मान हलवली. "माफी नको मागू. ती माज्याकडं न्हाय आता." गाडीवरचं फडकं उचलून त्या फळी पुसायला लागल्या, आणि पुसतापुसता म्हणाल्या, "रविवारी ये. पोरी घरात असतात. त्यांना पण सांग. असाच, सगला."

शुक्रवारी मी तुझ्या वकिलांना भेटलो. ते म्हणाले, आरोपी मयत झाला, केस तिथंच संपली, तुम्ही तोंड उघडलंत तर नव्यानं सुरू होईल, नीट विचार करा. मी पोलीस ठाण्यात लेखी देऊन आलो. परत बोलावू म्हणालेत. कंपनीला सांगितलं, सध्या घरी बसून आहे. पुढं काय होईल मला माहीत नाही. तुझं नाव कागदावरून निघेल का हेही माहीत नाही. एवढं सांगतो, हे मी धैर्यानं केलेलं नाही. तुझ्यानंतर गप्प बसणं जमेना म्हणून केलं. तू होतास तोवर गप्प बसायचं काम आपण दोघं मिळून करत होतो, आणि जड बाजू तू धरली होतीस.

रविवारी राहनाळला गेलो. मोठी मुलगी आता बारावीला आहे, धाकटी आठवीत. बाप गेला तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. सुनंदावहिनींनी त्यांना समोर बसवलं आणि मला म्हणाल्या, "सांग." मी सांगायला लागलो. मोठी अर्ध्यातच उठून आत गेली. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. वहिनी तिच्यामागून गेल्या. धाकटी बसून राहिली. मी शेवटपर्यंत सांगितलं, तिच्या वडिलांचे शब्द सांगितले, मी बसून राहिलो तेही सांगितलं.

तिनं फरशीवर बोट फिरवत विचारलं, "पप्पांना दुखत होता?"

दादा, माझ्या जिभेवर 'नाही' आलं होतं. किती सोपं होतं ते. तू असतास तर 'नाही' म्हणाला असतास, आणि प्रेमानंच म्हणाला असतास.

"हो," मी म्हणालो. "खूप दुखत असणार. चेहऱ्यावर दिसत होतं."

तिनं मान हलवली. "सगले 'न्हाय' बोलतात," ती म्हणाली. मग तिथंच, दाराजवळ, गुडघ्यांना मिठी मारून बसली. माझ्याजवळ आली नाही. उठूनही गेली नाही.